व्याकरण आणि निबंध : जिउ-जित्सूतील भूमियुद्धाच्या अध्ययनपरंपरेचा विचार

शरीराने शिकावयाच्या विद्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास आरंभीच एक अडचण येते. ग्रंथनिविष्ट विद्येची परंपरा पोथ्यांवरून आणि टीकांवरून शोधता येते. अंगात मुरलेली विद्या मात्र अंगाबरोबरच जाते. ती मागे ठेवते ती मुख्यतः तीन साधने : डावांची नावे, पाठांचा क्रम आणि स्पर्धेचे नियम. जपानात घडलेले आणि पुढे ब्राझीलमध्ये स्वतंत्र रूप पावलेले जमिनीवरील मल्लतंत्र या तीन साधनांच्या आधारे कसे शिकले गेले व त्याची उजळणी कशी होत आली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय मल्लविद्येचा असला, तरी प्रश्न भाषेच्या अभ्यासकालाही अपरिचित नाही. विद्या टिकते ती नियमबद्ध पाठामुळे, की मुक्त प्रयोगामुळे?

हा प्रश्न भाषेच्या परिभाषेत प्रथम मांडला तो कोदोकान जुदोचे संस्थापक कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांनी. कानो हे व्यवसायाने शिक्षक होते. तोक्यो येथील उच्च अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी दीर्घकाळ भूषविले. १८७७ मध्ये ते तेंजिन शिन्यो परंपरेतील फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे जुजुत्सू शिकू लागले. एक डाव कसा होतो, हात कोठे व पाय कोठे, असे शिष्याने विचारले असता फुकुदा यांनी स्पष्टीकरण न देता त्याला वारंवार आपटले आणि विचारून नव्हे, तर पुष्कळ वेळा करूनच हे कळते, असे सुनावले, ही आठवण स्वतः कानो यांनी सांगितली आहे. गुरूचे म्हणणे त्यांनी मानले, परंतु स्वतःचा प्रश्नही सोडला नाही. त्यांची पुढील सर्व रचना या दोहोंच्या मध्ये उभी आहे.

१८८२ मध्ये कोदोकानची स्थापना झाली, तेव्हा शिक्षणाची दोन अंगे होती. एक ‘काता’, म्हणजे दोघांनी पूर्वनिश्चित क्रमाने करावयाचा आकृतिबद्ध पाठ, आणि दुसरे ‘रांदोरी’, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराशी होणारी मुक्त झुंज. काता हे व्याकरण आणि रांदोरी ही निबंधरचना, असे कानो म्हणत. आरंभी निबंध लिहीत असता मधूनमधून व्याकरण सांगावे, तसे ते झुंजीच्या ओघातच काता शिकवीत. विद्यार्थी वाढले तेव्हा हे अशक्य झाले आणि व्याकरणाचा तास वेगळा काढावा लागला. फेकीच्या डावांचा ‘नागे-नो-काता’ आणि पकडींचा ‘कातामे-नो-काता’ यांचा उगम असा आहे. येथे व्याकरण आधी व भाषा नंतर, असे घडलेले नाही. चालत्या भाषेतूनच ते निवडून काढलेले आहे.

कातामे-नो-काता या पाठात पंधरा डाव आहेत : पाच दाबून धरण्याचे, पाच गळा आवळण्याचे आणि पाच सांधे पिळण्याचे. त्यांची नावे बहुधा वर्णनात्मक समास आहेत. ‘उदे-गारामि’ म्हणजे बाहूचा गुंता. ‘जुजि-गातामे’ या नावातील ‘जुजि’ म्हणजे दहा या अंकाचे चिनी अक्षर. त्याचा आकार अधिकचिन्हासारखा असल्यामुळे, दोन देह एकमेकांस छेदून पडतात अशा पकडीला ते शोभते. ‘केसा-गातामे’ हे नाव आपणांस अधिक जवळचे आहे. केसा म्हणजे बौद्ध भिक्षूचे खांद्यावरून तिरपे जाणारे वस्त्र, आणि हा शब्द संस्कृत ‘काषाय’ या शब्दावरून चीनमार्गे जपानात गेला. प्रतिपक्ष्याच्या छातीवर तिरपे पडून त्याला दाबणारा मल्ल नकळत एका भारतीय शब्दाचा उच्चार करीत असतो. अशी नावे स्वतःच टिपणाचे काम करतात. नाव आठवले की अंगांची मांडणी आठवते. उजळणीचे पहिले साधन ते हेच.

तथापि या नामावलीत एक उणीव आहे. कोदोकानच्या आजच्या अधिकृत यादीत शंभर डाव असून त्यांपैकी बत्तीस पकडींचे आहेत. ही सर्व नावे क्रियांची आहेत, स्थितींची नाहीत. खाली पडलेला मल्ल दोन्ही पायांनी वरच्याला अडवून धरतो, त्या अवस्थेस या यादीत नाव नाही. आपल्या मातीतील कुस्तीत ज्याची पाठ टेकली तो चितपट झाला आणि लढत संपली. तेथे या अवस्थेस नाव मिळण्याचे कारणच नव्हते. जुदोत पाठ टेकल्याने लढत संपतेच असे नाही, परंतु तेथेही मान होता तो फेकीला.

हा क्रम उलटला तो विद्यार्थ्यांच्या हातून. १९१४ मध्ये क्योतो येथे उच्च विद्यालये व तंत्रविद्यालये यांच्या स्पर्धा सुरू झाल्या. ‘कोसेन’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्पर्धा १९४० पर्यंत चालल्या. प्रत्येक संघात पंधरा मल्ल असत. जिंकणारा पुढच्या प्रतिस्पर्ध्यास तोंड देई आणि बरोबरी झाल्यास दोघेही बाद होत. त्यामुळे प्रबळ प्रतिस्पर्ध्यास केवळ रोखून धरणाऱ्या दुर्बळ मल्लालाही संघात मोल आले. उभ्याने न फेकता प्रतिपक्ष्यास थेट जमिनीवर ओढण्याची मुभा नियमांत होती. यामागील हिशेब सरळ होता. चांगली फेक साधण्यास उपजत चापल्य व दीर्घ काळ लागतो, आणि विद्यालयातील मुलाच्या हाती जेमतेम तीन वर्षे असत. जमिनीवरचे कौशल्य मात्र सरावाच्या प्रमाणात वाढते, असा त्यांचा अनुभव होता. या परिस्थितीतूनच ओकायामा येथील सहाव्या उच्च विद्यालयात, कानेमित्सु याइचिबेइ या शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली, १९२० नंतरच्या वर्षांत ‘सांकाकु-जिमे’ हा पायांच्या त्रिकोणात मान व बाहू आवळण्याचा डाव सिद्ध झाला. कातामे-नो-काता या पाठात तो नाही. व्याकरण तयार झाल्यानंतर भाषेने घडविलेला तो प्रयोग होय. कानो यांना हा ओढा रुचला नाही आणि १९२५ च्या सुमारास कोदोकानने थेट जमिनीवर ओढण्यावर निर्बंध घातले. कोसेन विद्यालयांनी मात्र आपली रीत चालू ठेवली. जुन्या सात साम्राज्य विद्यापीठांच्या स्पर्धेत १९५२ पासून ती जिवंत आहे.

एव्हाना या विद्येची दुसरी शाखा समुद्रापार गेली होती. कोदोकानचे माएदा मित्सुयो (१८७८–१९४१) १९०४ मध्ये अमेरिकेस निघाले, अनेक देशांत कुस्त्या लढले आणि १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचून पुढे बेलें शहरी स्थायिक झाले. कोदोकानची विद्या त्या काळी परदेशांत ‘कानो जिउ-जित्सू’ या नावानेही ओळखली जाई. ब्राझीलने तोच जुना शब्द, जुन्या वर्णलेखनासह, आजतागायत राखला आहे. बेलेंमध्ये या विद्येची ओळख झालेले कार्लोस ग्रेसी (१९०२–१९९४) आणि त्यांचे धाकटे बंधू एलिओ (१९१३–२००९) यांच्या घराण्याने तिचा पुढे प्रसार केला. घराण्याची परंपरा आपल्या पहिल्या शाळेचे वर्ष १९२५ सांगते. तत्कालीन वृत्तपत्रांवर आधारलेले अलीकडील संशोधन मात्र १९३० मध्ये रिओ येथे दोनातो पिरेस दोस रेइस यांनी काढलेल्या शाळेकडे बोट दाखविते. या शाळेत ग्रेसी बंधू साहाय्यक होते. एका घराण्याच्या स्मृतीवर सर्व भार टाकणे इतिहासकारास परवडत नाही, एवढे यावरून दिसते.

भाषांतरात नावांचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. मागून गळा आवळण्याच्या डावास जपानीत ‘हादाका-जिमे’, म्हणजे वस्त्राच्या आधाराविना आवळणे, असे म्हणतात. ब्राझीलमध्ये तो ‘माता-लेआँव’, म्हणजे सिंहमारक, झाला. आडवे पडून दाबण्याच्या स्थितीला ‘सें किलोस’, म्हणजे शंभर किलो, असे विनोदी नाव पडले. येथे शास्त्रीय वर्णनाची जागा आपल्या ‘धोबीपछाड’सारख्या रूपकाने घेतली. हात पिळण्याच्या डावांना ‘शावे’ हा शब्द लागतो. हाच पोर्तुगीज शब्द कोकणपट्टीतून मराठीत येऊन ‘चावी’ झाला आहे. बाहूच्या गुंत्याचे नाव तर एका दिवसाच्या इतिहासाने बदलले. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना क्रीडागारात किमुरा मासाहिको (१९१७–१९९३) यांनी उदे-गारामि या डावाने एलिओ ग्रेसी यांना पराभूत केले. हाताला इजा होऊनही एलिओ शरण येईनात, तेव्हा कार्लोस यांनी लढत थांबविली. त्या डावास ब्राझीलमध्ये विजेत्याचेच नाव मिळाले. ‘किमुरा’ या शब्दातून बाहूची मांडणी कळत नाही, परंतु लढत आठवते. वर्णन गेले आणि त्याच्या जागी चरित्र आले.

यापेक्षा महत्त्वाचा बदल वेगळाच आहे. जपानी यादीत अनाम राहिलेल्या त्या अवस्थेस ब्राझीलने ‘ग्वार्दा’, म्हणजे पहारा, हे नाव दिले. नाव मिळताच तिचे प्रकार झाले : बंद ग्वार्दा, उघडी ग्वार्दा, अर्धी ग्वार्दा. ती ओलांडणे ही एक स्वतंत्र क्रिया ठरली आणि तिच्यातून उलटून वर येणे ही दुसरी. आजच्या स्पर्धानियमांत प्रतिपक्ष्यास पाडण्यास दोन गुण, खालून उलटवून वर येण्यास दोन, पोटावर गुडघा रोवण्यास दोन, ग्वार्दा ओलांडण्यास तीन, आणि छातीवर बसण्यास किंवा मागून पाठीचा ताबा घेण्यास चार गुण मिळतात. ही केवळ गुणांची कोष्टके नव्हेत. कोणत्या स्थितीनंतर कोणती स्थिती इष्ट, हे सांगणारा तो वाक्यविन्यास आहे. कातामे-नो-काता हा शब्दांचा कोश होता, असे म्हटल्यास ब्राझीलने त्याला वाक्यरचना दिली, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

शिकण्याची व उजळणीची रीतही त्याबरोबर पालटली. आजच्या शाळेत शिक्षक डाव दाखवितो. विद्यार्थी तो प्रथम प्रतिकाराशिवाय घोकतात, मग ठरावीक स्थितीतून, मर्यादित हेतूने झुंजतात, आणि अखेरीस मुक्त झुंज होते. यांतील मधली पायरी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ती काता नव्हे, कारण प्रतिपक्षी खराखुरा विरोध करतो. ती पूर्ण रांदोरीही नव्हे, कारण आरंभ नेमून दिलेला असतो. ठरलेल्या पहिल्या वाक्यावरून निबंध लिहावयास सांगावे, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच जाणता विद्यार्थी वहीत केवळ डावाचे नाव लिहीत नाही. तो कोणत्या स्थितीतून निघतो, प्रतिपक्ष्याच्या कोणत्या हालचालीला उत्तर म्हणून येतो आणि फसल्यास पुढे काय करावयाचे, एवढे तो टिपतो. घोकंपट्टी आणि उजळणी यांतील भेद हाच. घोकंपट्टीत तीच आकृती पुन्हा काढली जाते. उजळणीत ती आकृती ज्या प्रसंगातून निघाली तो प्रसंग पुन्हा उभा करावा लागतो.

मग जुने व्याकरण निरुपयोगी ठरले काय? याचे उत्तर ‘आशि-गारामि’, म्हणजे पायाचा गुंता, या एका शब्दाच्या चरित्रात मिळते. कातामे-नो-काता या पाठातील हा शेवटचा, पंधरावा डाव. गुडघ्यास इजा होण्याच्या भयास्तव जुदोच्या स्पर्धेतून तो वगळला गेला आणि मुक्त झुंजीतून नाहीसा झाला, परंतु पाठात राहिला. ब्राझिली शाळांतही पायावरील पकडींना दीर्घकाळ फारशी प्रतिष्ठा नव्हती. २०१० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये शिकविणारे जॉन डॅनहर यांच्या शिष्यांनी या पकडींची पद्धतशीर मांडणी केली. तिच्या परिभाषेसाठी उचलला गेला तो हाच जुना जपानी शब्द. मात्र त्याचा अर्थ विस्तारला. एका डावाचे नाव आता प्रतिपक्ष्याचा पाय आपल्या पायांत अडकविण्याच्या सर्व स्थितींचे वर्गनाम झाले आहे. प्रयोगातून गेलेला शब्द पाठाने सांभाळला आणि प्रयोगाने नवा अर्थ भरून तो परत घेतला.

यावरून कानो यांच्या उपमेचा अर्थ अधिक नेमका करता येतो. नवे निर्माण करण्याचे सामर्थ्य मुक्त प्रयोगाचे आहे. सांकाकु-जिमे आणि ग्वार्दाचा विस्तार ही त्याची साक्ष होय. परंतु प्रयोग चालू नियमांचा दास असतो. ज्याला गुण मिळत नाहीत, ते तो एका पिढीत विसरतो. पाठ स्वतः काही निर्माण करीत नाही, पण नियमांनी टाकून दिलेले तो राखून ठेवतो.

आपल्याकडील अभ्यासकांसाठी यातून एक कार्य उभे राहते. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघालेल्या व्यायामज्ञानकोशाने मराठीत या विषयाचे मोठे भांडार उभे केले आहे. तालमींतून आज बोलली जाणारी परिभाषा मात्र वस्तादांच्या तोंडी आहे. मातीची जागा गादी घेत आहे, आणि गादीचे नियम निराळे आहेत. ही परिभाषा संकलित करताना केवळ डावांच्या नावांची यादी करून भागणार नाही. प्रत्येक नावाबरोबर तो डाव कोणत्या पवित्र्यातून निघतो, कशाला उत्तर म्हणून येतो आणि त्याचा तोड कोणता, हेही नोंदविले पाहिजे. तसे न केल्यास उद्याच्या अभ्यासकाच्या हाती शब्द लागतील, पण त्यांचे वाक्य जुळविता येणार नाही.