तक्रारवहीतून निघालेलं सॉफ्टवेअर

आयटीत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या कुणासमोर 'लोटस नोट्स' हे नाव घेऊन बघा. कपाळावर आठी पडलीच म्हणून समजा! माझी नोकरी सुरू झाली तोवर आमच्याकडून ते हद्दपार झालं होतं, म्हणून मी वाचलो. पण सीनियर मंडळी कँटीनमध्ये त्याच्या आठवणी अशा काढतात, की जणू शाळेतल्या एखाद्या खडूस हेडमास्तरांबद्दल बोलतायत.

मध्यंतरी सहज म्हणून या नोट्सचं मूळ शोधत बसलो. वाटलं होतं की एखाद्या कंपनीच्या मीटिंग रूममध्ये जाऊन पोचेन. पोचलो ते थेट १९७३ सालच्या एका विद्यापीठात, आणि तिथेही कुठल्या थोर संशोधनापाशी नाही, तर चक्क एका तक्रारवहीपाशी. कंप्युटरवर धडे तयार करणारे लोक, म्हणजे त्यात प्राध्यापकही आले, काही अडलं की ज्या फाइलमध्ये येऊन लिहायचे ती तक्रारवही! तर आजचा विषय हाच: वर्गात यंत्र आलं की शिकवणाऱ्याच्या पाठीशी कोण उभं राहतं? यंत्रांचा इतिहास सगळे लिहितात, या माणसांचा फारसा कुणी लिहीत नाही.

सुरुवात होते १९६० मध्ये, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना या गावी. डोनाल्ड बिट्झर नावाच्या तरुण इलेक्ट्रिकल इंजिनियरने तिथल्या इलियाक या कंप्युटरला एक टीव्हीचा पडदा आणि थोड्या कळा जोडून एक शिकवणारं यंत्र उभं केलं. नाव 'प्लेटो'. 'प्रोग्रॅम्ड लॉजिक फॉर ऑटोमॅटिक टीचिंग ऑपरेशन्स' या लांबलचक नावाचं ते लघुरूप. पहिल्या प्लेटोवर एका वेळी एकच विद्यार्थी बसू शकायचा. पुढच्यावर दोघं. तिसऱ्यावर वीस.

पण खरी अडचण विद्यार्थ्यांच्या संख्येची नव्हतीच. धडा लिहिणार कोण, ही होती. ज्याला विषय येतो त्याला प्रोग्रॅमिंग येत नाही, आणि ज्याला प्रोग्रॅमिंग येतं त्याला विषय येत नाही. (आपल्याकडच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये क्लायंट आणि डेव्हलपर यांचं हेच चाललेलं असतं, पण असो.) प्राध्यापकाने कागदावर धडा लिहायचा, प्रोग्रॅमरने त्याचा कोड करायचा, मग प्राध्यापकाने म्हणायचं की मला हे असं नको होतं. पुन्हा पहिल्यापासून!

१९६७ मध्ये यावर तोडगा काढला तो पॉल टेंझार या माणसाने. हा काही कंप्युटरवाला नव्हता, जीवशास्त्राचा संशोधक विद्यार्थी. स्वतःला धडे लिहायचे होते आणि हाताशी असलेल्या साधनांनी जीव नको केला होता, म्हणून त्याने 'ट्यूटर' नावाची वेगळी भाषाच तयार केली. आज्ञा अगदी साध्या. 'ॲट' म्हणजे पडद्यावर कुठे, 'राइट' म्हणजे काय लिहायचं, 'ॲरो' म्हणजे इथे विद्यार्थ्याच्या उत्तराची वाट बघ, 'आन्सर' म्हणजे बरोबर उत्तर हे, आणि 'राँग' म्हणजे हे चुकीचं उत्तर आलं तर त्याला असं समजाव.

यातली शेवटची आज्ञा मला सगळ्यात जास्त आवडली. बरोबर उत्तर काय ते पुस्तकात बघून कुणीही टाइप करेल. पण विद्यार्थी *नेमकं काय चुकवतील* हे ज्याने दहा वर्षं पेपर तपासलेत त्यालाच माहीत असतं. ट्यूटर भाषेने ही अनुभवाची शिदोरी थेट यंत्रात भरायची सोय प्राध्यापकांना करून दिली, मध्ये दुभाषा न ठेवता. स्टॅनली स्मिथ या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी सेंद्रिय रसायनाचे धडे स्वतः लिहिले. ब्रूस शेरवूड या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी धडे तर लिहिलेच, वर ट्यूटर भाषेवर १९७४ मध्ये पुस्तकही लिहिलं.

१९७२ मध्ये चौथा प्लेटो आला. याचा पडदा बघून आजही तोंडात बोट जाईल. बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये शोधलेला प्लाझ्मा पडदा, केशरी अक्षरं, ५१२ बाय ५१२ ठिपके, आणि वर बोटाचा स्पर्श ओळखण्याची सोय! कीबोर्डवर 'नेक्स्ट', 'बॅक' आणि 'हेल्प' अशा खास कळा. विद्यार्थ्याने 'हेल्प' दाबलं की धडा लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं जादा स्पष्टीकरण समोर यायचं.

पण या यशानेच नवा घोळ घातला. आधी जवळजवळ सगळे टर्मिनल हाकेच्या अंतरावर होते. अडलं की प्राध्यापक उठून प्रयोगशाळेत जायचे आणि ज्याने सिस्टिम लिहिली त्यालाच पकडायचे. आता टर्मिनल टेलिफोनच्या तारांनी दूरदूरच्या इमारतींत, दुसऱ्या कॉलेजांत, दुसऱ्या गावांत गेले. तिथला शिकवणारा कुणाला पकडणार?

सुरुवातीला एक देशी जुगाड होता. 'नोट्स१' नावाची एक उघडी फाइल. ज्याला अडचण असेल त्याने त्यात जाऊन लिहायचं, सिस्टिमवाल्यांनी वाचून खाली उत्तर लिहायचं. म्हणजे आपल्याकडे एसटी स्टँडवर दोरीला बांधलेली तक्रारवही असते ना, तीच. आणि त्या वहीचे सगळे रोगही हिला होते. कुणीही कुणाच्याही नावाने लिहू शकायचं, दुसऱ्याचं लिखाण बदलू शकायचं, आणि एखादा टवाळ येऊन सगळी फाइलच पुसून टाकायचा.

शेवटी १९७३ च्या उन्हाळ्यात टेंझारने हे काम प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थी प्रोग्रॅमरवर सोपवलं. डेव्हिड वूली, वय वर्षं १७. मूळ मागणी साधी होती: पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात तक्रार, सोबत लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख आपोआप, खालच्या अर्ध्या भागात उत्तर. झालं. आपण असतो तर एवढंच करून बिल लावलं असतं :)

वूलीला मात्र वाटलं, एका तक्रारीला एकच उत्तर का? एकाने सुचवलेला उपाय दुसऱ्याला अपुरा वाटेल, तिसऱ्याला हीच अडचण वेगळ्या रूपात आलेली असेल. म्हणून त्याने प्रत्येक नोंदीखाली ६३ पर्यंत उत्तरं लिहिता येतील अशी सोय केली. ऑगस्ट १९७३ मध्ये 'प्लेटो नोट्स' सुरू झालं. त्यात तीन विभाग होते: सिस्टिमच्या सूचना, 'हेल्प नोट्स' आणि सर्वांसाठी 'पब्लिक नोट्स'.

हा बदल दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. कारण एकच उत्तर म्हणजे खिडकी: अलीकडे तुम्ही, पलीकडे साहेब. अनेक उत्तरं म्हणजे पार! रसायनवाल्याच्या अडचणीला भौतिकवाला उत्तर देतोय, शाळकरी प्रोग्रॅमर प्राध्यापकाला समजावतोय, आणि वाचणारे शंभर जण न विचारताच शिकतायत. शिवाय प्रश्न विचारण्याची लाज गेली. आपल्यासारखे ढ आणखी बरेच आहेत, हे दिसलं की माणूस मोकळेपणाने विचारतो.

तातडीची मदत लागली तर तीही होती. 'टर्म' कळ दाबून 'टॉक' लिहिलं की दुसऱ्या टर्मिनलवरच्या माणसाच्या पडद्याच्या तळाशी निरोप चमकायचा आणि दोघं टाइप करत बोलू शकायचे. त्यातच आणखी एक सोय होती, की समोरच्याला आपला पडदा जसाच्या तसा दिसू द्यायचा. "तुमची स्क्रीन शेअर करता का जरा?" हे वाक्य आपण दिवसातून दहादा म्हणतो. ती सोय त्या लोकांकडे सत्तरच्या दशकात होती!

आता थोडं आपल्याकडे येतो. आमच्या कॉलेजात (नाव नको) प्रोजेक्टरच्या खोलीची चावी एका लॅब असिस्टंट काकांकडे असायची. काका रजेवर असले की प्रोजेक्टरही रजेवर. आम्हाला शिकवणारे एक सर होते, विषयात बाप माणूस. पण साठ पोरांसमोर केबल जोडून 'नो सिग्नल' बघत उभं राहायची वेळ त्यांच्यावर दोनदा आली, मागच्या बाकावरून खिदळणं ऐकू आलं, आणि त्यानंतर सरांनी प्रोजेक्टरला हात लावला नाही. खडू आणि फळा. आम्ही पोरं म्हणायचो, सर जुन्या वळणाचे आहेत. पण सरांना यंत्राचं वावडं नव्हतंच. त्या दोन मिनिटांत शेजारी कुणी नव्हतं, एवढंच. शिकवणाऱ्याची वर्गातली पत ही त्याची एकमेव पुंजी असते, ती केबलपायी कोण पणाला लावणार?

हे माझंच निरीक्षण असतं तर सोडून दिलं असतं. पण त्याच काळात अमेरिकेत एक तुलनाही झाली होती. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने प्लेटोबरोबरच 'टिकिट' नावाच्या दुसऱ्या प्रकल्पालाही पैसे दिले होते. तिथे विचार उलटा होता. तज्ज्ञांच्या टीमने अख्खा अभ्यासक्रम बांधायचा, विद्यार्थ्याने यंत्रासमोर बसून तो आपल्या गतीने पुरा करायचा, आणि शिक्षकाचं काम कडेकडेचं. दोन्हींचं मूल्यमापन ईटीएस या संस्थेने केलं. टिकिटवर ज्यांनी कोर्स पुरा केला त्यांचे मार्क चांगले आले, पण पुरा करणाऱ्यांची संख्याच पारंपरिक वर्गापेक्षा कमी भरली. प्लेटोचं काय? कम्युनिटी कॉलेजांमधल्या चाचण्यांत मार्कांत एकंदर ठोस फरक दिसला नाही. हो, हेही सांगायला हवं, उगाच आरती ओवाळण्यात अर्थ नाही. पण शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही प्लेटो आवडला. कुठला धडा कधी आणि किती वापरायचा हे तिथे शिक्षकाच्या हातात होतं.

पुढचा इतिहास पैशाचा आहे, म्हणून भराभर सांगतो. कंट्रोल डेटा या कंपनीने १९७६ मध्ये प्लेटोचे व्यापारी हक्क घेतले आणि त्यात अफाट पैसा ओतला. टर्मिनल महाग, तारांचं भाडं महाग, आणि तेवढ्यात स्वस्त पर्सनल कंप्युटर आले. धंदा बसला. बिट्झर यांची प्रयोगशाळाही १९९४ मध्ये बंद झाली. स्वतः बिट्झर डिसेंबर २०२४ मध्ये गेले.

पण ती तक्रारवही मेली नाही. १९७८ ते १९८५ या काळात इलिनॉयच्या प्लेटोवर लोकांनी जे सुमारे एक कोटी तास घालवले, त्यातले साधारण एक तृतीयांश नोट्समध्ये गेले! तिथेच विद्यार्थिदशेत हे सगळं बघितलेला रे ओझी नावाचा मुलगा पुढे कंपन्यांसाठी तसंच काहीतरी करायचं मनात धरून बसला. १९८४ मध्ये त्याने आयरिस ही कंपनी काढली आणि १९८९ मध्ये लोटस नोट्स बाजारात आलं. १९९५ मध्ये आयबीएमने लोटस विकत घेतली. आणि डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झालेल्या व्यवहारात आयबीएमकडून नोट्स घेतलं ते आपल्या नोएडाच्या एचसीएलने. म्हणजे सीनियर मंडळी ज्याला शिव्या घालतात, ते अर्बानातल्या मास्तर मंडळींचं गाऱ्हाणं ४६ वर्षांनी भारतीय कंपनीच्या दारात आलं. गंमतच आहे, नाही?

गंमत बाजूला ठेवली तर मला यात एक टोचणारी गोष्ट दिसते. या वारशातलं जे विकता येत होतं ते, म्हणजे सॉफ्टवेअर, कंपन्यांनी उचललं. जे विकता येत नव्हतं, म्हणजे शिकवणाऱ्याच्या अडचणीला कुणीतरी जागेवर असणं, ते प्रयोगशाळेबरोबर संपलं. मार्च २०२० मध्ये आपल्याकडची कॉलेजं बंद पडली आणि प्राध्यापकांना एका फटक्यात ऑनलाइन शिकवायला बसवलं, तेव्हा कितीतरी घरांत हेल्पडेस्क कोण होतं? घरातली मुलगी नाहीतर मुलगा. आणि विद्यार्थ्यांपैकी एखादा, "सर, म्यूट आहात तुम्ही" असं सांगणारा. ज्यांच्या घरी असं कुणी नव्हतं त्यांनी मोबाइल पुस्तकांच्या ढिगाला टेकवून जमेल तसं शिकवलं.

आपल्यापैकी अनेकांच्या कॉलेजचे माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप आहेत. अधूनमधून त्यावर निरोप येतो की अमुक वर्गात डिजिटल बोर्ड बसवायचा आहे, वर्गणी काढू या. आपण पैसे पाठवतो, उद्घाटनाचे फोटो येतात, अंगठे दाखवले जातात. पुढच्या वेळी निरोप आला की पैसे जरूर द्या, पण सोबत एवढंच विचारा, की बोर्ड बंद पडला तर दोन मिनिटांत वर्गात कोण येणार आहे, आणि त्याच्या पगाराची सोय केली आहे का? उत्तर नसेल तर तीच वर्गणी त्या माणसासाठी काढू या.