कोड, बावची आणि उजेड



महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं सगळ्यांना खुलं केलं, पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर पायऱ्या उतरून पाणी प्याले. मागोमाग हजारो माणसं प्याली. मग तळं बाटलं म्हणून कुणी त्याचं शुद्धीकरण केलं. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

आज हे आठवायचं कारण वेगळं आहे. लेकराच्या ओठाशी किंवा बोटांवर पांढरा चट्टा उठला, की त्याचा पेला वेगळा ठेवणारी घरं आजही आहेत. ही दोन दुःखं एक नव्हेत. जातीचा विटाळ जन्मापासून पिढ्यान् पिढ्या लादलेला होता. पण ‘शिवलं की बाटतं’ हा समज दोन्हीकडे सारखाच खोटा आहे.

कोड शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. मासे खाऊन वर दूध प्यायल्यानेही होत नाही. आपल्या शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी चुकून त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशींवरच हल्ला करतात, आणि तिथला रंग जातो. ‘श्वेतकुष्ठ’ या जुन्या नावाने मोठा घोटाळा केला आहे. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, त्याच्या चट्ट्याला बधिरपणा येतो, आणि तोही औषधाने बरा होतो. कोडाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता उपचाराचा इतिहास पाहू. तो फार जुना आहे. अथर्ववेदात अंगावरचे पांढरे डाग जावेत म्हणून वनस्पतीला केलेली प्रार्थना आहे. आयुर्वेदात बावचीचं बी वापरून अंग उन्हात धरायला सांगत. तिकडे इजिप्तमध्ये नाईलकाठच्या एका रानटी झाडाचं बी आणि ऊन, अशीच जोडी होती. दोन्ही वनस्पतींत सोरॅलेन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेला उजेडासाठी हळवी करतात.

१९०३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर उजेडाने उपचार केल्याबद्दल नोबेल मिळालं. १९४० च्या दशकात कैरोच्या डॉ. अल-मोफ्ती यांनी त्या इजिप्शियन झाडातलं शुद्ध द्रव्य आणि ऊन वापरून कोडाच्या रुग्णांवर उपचार केले. १९७० च्या दशकात उन्हाच्या जागी खास दिवे आले. पण सोरॅलेनच्या गोळीने मळमळ होई, डोळे जपावे लागत, त्वचा भाजे. लहान मुलांना ही गोळी देणं डॉक्टर टाळतात.

मुलांसाठी खरी वाट उघडली ती अतिनील किरणांतला एक अरुंद पट्टा, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा, वापरणाऱ्या दिव्यांमुळे. त्याबरोबर गोळी लागत नाही. नेदरलँड्समधल्या अॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये कोडावरचे, आणि २००० मध्ये खास मुलांवरचे अनुभव प्रसिद्ध केले.

नुसता उजेड की उजेड आणि मलम? ब्रिटनमध्ये ५१७ जणांवर चाचणी झाली. त्यांत ११९ मुलं होती. २०२१ मध्ये तिचे निकाल आले. नऊ महिन्यांनी नुसत्या स्टेरॉइड मलमाने १७ टक्के, नुसत्या हातातल्या दिव्याने २२ टक्के, आणि दोन्ही मिळून २७ टक्के लोकांना डागात ठळक फरक वाटला. म्हणजे जोडीने गुण जास्त, पण जादू नाही. उपचार थांबल्यावर पुष्कळांचा रंग पुन्हा गेला. चेहऱ्यावर आणि मानेवर रंग लवकर परततो, बोटांच्या टोकांवर आणि पावलांवर फार कमी. चेहऱ्यासाठी स्टेरॉइडऐवजी टॅक्रोलिमससारखं मलमही डॉक्टर देतात.

हा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने घ्यावा लागतो. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून दर खेपेला मुंबई-पुणे गाठायचं तर आईची मजुरी बुडते आणि पोराची शाळाही. मग उपचार अर्धवट राहतो आणि बोल आईलाच लागतो. म्हणून पहिल्याच भेटीत त्वचेच्या डॉक्टरांना विचारा, जवळ दिवा कुठे आहे? घरी वापरायचा हातातला दिवा आमच्या मुलाला चालेल का? तो डॉक्टरांनी वेळ ठरवून दिल्याशिवाय लावू नका, आणि लावताना डोळ्यांवर गॉगल हवाच.

प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो. शिबंही तशीच दिसतात. म्हणून आधी दाखवा. बिब्बा लावू नका. बावचीचं तेल चोळून पोराला उन्हात बसवू नका. कातडी भाजते, आणि भाजलेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या पुढाकाराने श्वेता असोसिएशन कोड असलेल्या माणसांना एकत्र आणते. ‘नितळ’ हा मराठी सिनेमाही याच विषयावर आहे. तो सगळ्या घराने मिळून पाहावा.

डाग जायला महिने लागतील, कदाचित तो जाणारही नाही. पेला एक करायला मात्र डॉक्टर लागत नाही, बसभाडंही लागत नाही. तळं खुलं केल्याचा ठराव झाला, तरी पाणी प्यायला माणसांना पायऱ्या उतराव्या लागल्या. आपल्या घरातली ती पायरी आपणच उतरायची आहे.