दगड फोडावा की राखावा?

१/ थ्रेड
शेताच्या बांधावर किंवा ओढ्याच्या पात्रात एखादा दगड हाती येतो. त्याच्या कडेला शिंपल्याची वक्र रेषा दिसते; उरलेले सारे आत दडलेले असते. हाताशी हातोडी असली की मोह आवरत नाही. या मोहाला अभ्यासकांनी गेल्या पावणेदोनशे वर्षांत तीन निरनिराळी उत्तरे दिली. आज त्यांचा इतिहास पाहू.

२/
आरंभी एक कबुली. पदवीच्या दिवसांत विदर्भातील एका सहलीत असाच एक दगड माझ्या हातून फोडला गेला. आतील गोगलगाईचा शंख दुभंगला. त्याहून मोठी चूक अशी की, दगड कोणत्या गावाजवळ, कोणत्या थरात सापडला हे टिपलेच नाही. ते दोन तुकडे आजही माझ्या टेबलावर आहेत. देखणे आहेत, पण त्यांची साक्ष कुठेही चालणार नाही.

३/
प्रथम ओळख. महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या बेसॉल्टचा आहे आणि थिजलेल्या लाव्हात जीवाश्म सहसा मिळत नाहीत. मात्र दोन उद्रेकांमधील शांत काळात तळी साचली, तळाशी गाळ बसला आणि पुढच्या लाव्हाने तो झाकून टाकला. हेच 'अंतरा-ट्रॅपी' थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणून पहिला प्रश्न 'हे काय आहे?' असा नसून 'हे कोणत्या थरातले आहे?' असा असतो.

४/
दुसरा प्रश्न आकाराचा, आणि येथे निसर्ग भरपूर चकवे देतो. दगडावरील नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी बहुधा मँगनीजची असते. शेवाळी अकीकात शेवाळ नसते. बेसॉल्टच्या पोकळीत तयार झालेली गोल गारगोटी अंड्यासारखी भासते.
सजीवाच्या रचनेला नियम असतो. शंखाचे वेटोळे ठरावीक प्रमाणात रुंदावते, शिंपल्यावर वाढीच्या रेषा क्रमाने उमटतात, हाडाच्या तुटक्या कडेला सच्छिद्र जाळी दिसते. नक्षी केवळ भेगेच्या आधाराने पसरली असेल, तर संशय घ्यावा.

५/ पहिले उत्तर: हातोडी
नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून मिशनरी म्हणून नागपुरास आले. ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरलगतच्या टाकळीच्या थरांतून गोड्या पाण्यातील शंख, फळे, बिया, इतकेच नव्हे तर कीटकांचे अवशेषही मिळवले.

६/
दक्षिणेकडील मांगली येथून मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी लंडनला पोहोचली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला 'ब्रॅकिऑप्स' हे नाव दिले. त्याच वर्षी हिस्लॉप-हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील निबंध लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.
त्या काळाचा प्रश्न साधा होता: आत कोणता जीव आहे? त्यासाठी खडक फोडणे क्रमप्राप्तच होते. पण त्यांनी गावांची नावे आणि थरांचा क्रम लिहून ठेवला. म्हणूनच टाकळी आणि मांगली ही नावे आजही भूशास्त्राच्या ग्रंथांत आढळतात.

७/ दुसरे उत्तर: करवत
पुढे प्रश्न बदलला. नाव कळले, पण आतली रचना कशी? छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील चर्ट नावाच्या कठीण, सिलिकायुक्त खडकात वनस्पतींच्या पेशीसुद्धा टिकल्या आहेत. हातोडीने चर्टचे धारदार कपचे उडतात आणि फळाचा चुरा होतो. म्हणून तो कापतात आणि प्रकाश आरपार जाईल इतका पातळ होईपर्यंत काप घासतात.

८/
बिरबल साहनी यांनी या परिसरातील एका जीवाश्म फळाचा अशाच पद्धतीने अभ्यास केला आणि त्याला 'एनिग्मोकार्पॉन', म्हणजे गूढ फळ, असे नाव दिले.
मात्र करवतही निरपराध नाही. प्रत्येक कापासरशी पात्याच्या जाडीएवढा दगड भुकटी होऊन जातो. तेवढा पुरावा कायमचा संपतो. म्हणून कोठे कापायचे हे आधी ठरवावे लागते.

९/ तिसरे उत्तर: थांबणे
गुजरातमधील धोली डुंगरी येथे डायनोसॉरची अंडी आणि काही हाडे एकाच खडकात मिळाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी १९८७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. ती हाडे डायनोसॉरच्या पिल्लाची मानली गेली.

१०/
२००१ मध्ये अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ जेफ्री विल्सन यांनी तोच खडक पाहिला. काही मणक्यांचे सांधे त्यांना वेगळे वाटले: असे सांधे सापाचे असतात! काळजीपूर्वक सफाई केल्यावर सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप स्पष्ट झाला. फुटलेल्या अंड्याभोवती त्याने वेटोळे घातले होते आणि शेजारीच डायनोसॉरचे नवजात पिल्लू होते. २०१० मध्ये तो 'सनाजेह इंडिकस' या नावाने जगासमोर आला.

११/
कल्पना करा, ती हाडे सुरुवातीलाच एकेक सुटी करून पेटीत भरली असती तर? साप कदाचित पुढे ओळखला गेलाही असता, पण ते वेटोळे नाहीसे झाले असते. साप घरट्यात नेमका काय करत होता, हे सांगणारा पुरावा हाडांत नव्हता. तो हाडांमधील अंतरांत होता. पहिली ओळख अपुरी ठरूनही ती सुधारता आली, कारण दगड शाबूत होता.

१२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही. उत्खननात वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही आणि काढलेला थर पुन्हा घालता येत नाही. दगड हे एकदाच वाचता येणारे बखरीचे पान आहे. आपल्याला आज जे प्रश्न सुचतात, त्यांच्यासाठीच ते फाडले तर उद्याच्या प्रश्नांना काय उरेल?

१३/
म्हणून दगड सापडलाच तर:
• उचलण्यापूर्वी छायाचित्र घ्या, शेजारी नाणे ठेवा.
• गाव, जागा, थर आणि दिनांक त्याच दिवशी लिहा.
• थरात घट्ट बसलेले, हाडासारखे किंवा अंड्यासारखे काही दिसले तर तेथेच राहू द्या. भूशास्त्र विभागाला किंवा संग्रहालयाला कळवा.
• कडेचा जीवाश्म ओळखू येत असेल, तर फोडून नवे काही कळण्याची शक्यता कमी आणि गमावण्याची अधिक.
• फोडणे खरोखरच आवश्यक असेल, तर ते जाणकारांच्या हातून होऊ द्या आणि दोन्ही भाग जपा. एका बाजूला जीव असतो, दुसऱ्या बाजूला त्याचा ठसा.

१४/
माझ्या टेबलावरील शंख कोणत्या तळ्यात वाढला, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. साडेसहा कोटी वर्षे त्याने आपला पत्ता जपला होता. तो हरवायला माझा एक घाव आणि न लिहिलेली एक ओळ पुरेशी झाली.
तुमच्या हाती असा दगड आला, तर हातोडीआधी वही काढा.
(समाप्त)