ब्रायटनचें मर्दनगृह

अंगास तेल चोळून मर्दन करणें ही महाराष्ट्रांतील घरांत इतकी नित्याची गोष्ट आहे, कीं दिवाळीच्या पहाटेस पाटावर बसणाऱ्या माणसाला आपण कांहीं उपचार करून घेत आहों असें सहसा वाटत नाहीं. हेंच मर्दन एका हिंदी गृहस्थानें इंग्लंडांत नेलें, आणि तेथील दोन राजांनीं त्याला आपला मर्दनवैद्य नेमिलें. त्याचें नांव शेख दीन महंमद.

त्याचा जन्म १७५९ सालीं पाटण्यास झाला. बाप कंपनीच्या फौजेंत होता, तो एका चकमकींत पडला. आणि दहा-अकरा वर्षांचा मुलगा त्याच फौजेबरोबर निघाला. १७८४ मध्यें आपल्या अधिकाऱ्यासंगें तो आयर्लंडांत गेला. १७९४ मध्यें त्यानें आपलें प्रवासवर्णन इंग्रजींत छापलें. १८१० मध्यें लंडनांत हिंदुस्थानी पद्धतीची खाणावळ काढली, आणि दोन वर्षांत त्याचें दिवाळें निघालें. पन्नाशी उलटलेल्या त्या संसारी माणसापाशीं उरली होती ती अंग चेपण्याची विद्या. ती घेऊन तो १८१४ मध्यें ब्रायटनला आला.

ब्रायटन म्हणजे समुद्रस्नानासाठीं जाणाऱ्या श्रीमंतांचें गांव. महंमदाच्या गृहांत रोग्यास प्रथम वनस्पतींच्या सुगंधी वाफेंत ठेवीत. घाम भरपूर सुटला कीं त्याला फ्लॅनेलच्या एका लहानशा तंबूंत घेत. या तंबूला बाह्या शिवलेल्या असत. मर्दन करणारा बाहेर उभा राहून त्यांतून केवळ आपले हात आंत घाली, आणि रोग्याचें सर्वांग जोरानें रगडून काढी. रोग्याला दिसत ते हात, माणूस नाहीं. परक्याचा स्पर्श ज्या समाजास अवघड वाटे, तेथें ही युक्ति मोठी शहाणपणाची म्हटली पाहिजे. स्त्रियांकडील व्यवस्था त्याची आयरिश पत्नी जेन पाहत असे.

आरंभीं लोकांनीं टवाळीच केली. वर्ण काळा, आणि उपाय तो नुसता चेपण्याचा! पण संधिवातानें जखडलेलीं माणसें येऊं लागलीं. बऱ्या झालेल्यांनीं मागें ठेवलेल्या कुबड्या तेथें मांडलेल्या असत. १८२१ मध्यें समुद्रासमोर त्याची मोठी इमारत उभी राहिली. चौथा जॉर्ज व त्यामागून चौथा विल्यम यांनीं त्याला आश्रय दिला.

१८२२ मध्यें त्यानें या उपचारावर पुस्तक लिहिलें. पुढें त्यानें आपला जन्म दहा वर्षें मागें नेला, आणि आपण शस्त्रवैद्याचें शिक्षण घेतल्याचें सांगितलें. हें खरें नव्हतें. शिवाय दमा, अर्धांगवायु यांवरहि तो गुण सांगे. आजचें वैद्यक तें मानणार नाहीं. परंतु उष्णतेनें व चोळण्यानें आंखडलेले स्नायु सैल पडतात, दुखणाऱ्या सांध्यांना कांहीं वेळ तरी आराम पडतो, एवढें त्याच्या हातांत खरोखरच होतें. आणि तेवढ्यासाठीं खोट्या पदवीची गरज नव्हती. मात्र पदवीवांचून त्या काळीं दार किती जणांनीं उघडलें असतें, हेंहि विचारलें पाहिजे.

व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत राजाश्रय सुटला, उतारवयांत इमारतहि हातची गेली, आणि १८५१ मध्यें ब्रायटनलाच तो वारला. आपल्या उपचाराला तो इंग्रजींत 'शॅम्पूइंग' म्हणे. हा शब्द हिंदींतील 'चांपना', म्हणजे दाबणें, चेपणें, यावरून आलेला. त्याच्या मागें कांहीं वर्षांतच, १८६० च्या सुमारास, इंग्रजांनीं तो केस धुण्यास लावला. आणि आतां तो बाटलींतून या देशांत परत येऊन न्हाणीघराच्या फळीवर बसला आहे.