कुंभारणीचे घर

छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जाणाऱ्या सडकेवर बिडकीन हे गाव लागते. तेथे एका स्नेह्यांच्या जुन्या घरी मध्यंतरी आमचा दोन दिवस मुक्काम होता. खोलीच्या खिडकीवर कुंभारीण माशीने चिखलाचे घर बांधले होते आणि स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्री ते कोणास पाडू देईनात. माशी आळीला आत कोंडते, तिच्यापुढे गुणगुणते आणि त्या ध्यासाने आळीचीच माशी होते, अशी त्यांची दृढ समजूत. त्यांचा नातू प्राणिशास्त्र शिकतो. त्याने शेजारचे एक घर फोडून दाखविले. आत निपचित पडलेल्या चारपाच हिरव्या आळ्या होत्या आणि एक पांढरा किडा त्यांतील एकीला कुरतडीत होता. "आजी, ती तिला माशी करीत नाही, आपल्या पोराला खायला घालते," तो म्हणाला. आजीबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि हे देवानं असंच नेमून दिलं म्हणतोस?"

हा प्रश्न आम्ही बिडकीनहून बरोबर घेऊन आलो.

आजीबाईंची समजूत अडाणीपणाची खास नव्हे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत शेवटचा हा कीटक आहे: भयाने का होईना, ज्याचे अखंड ध्यान करावे तद्रूप आपण होतो, हा धडा त्याने दिला. त्या स्कंधावर पैठणच्या एकनाथमहाराजांनी मराठीत टीका लिहिली व १५७३ मध्ये काशीस ती पूर्ण केली. तेव्हापासून कीर्तनकारांच्या मुखाने हा दृष्टांत गोदातीरीच्या घराघरांत पोचला. शिवाय जुन्या लोकांचे पाहणे चुकीचे नव्हते. आळी आत गेलेली त्यांनी पाहिली, माशी बाहेर आलेली पाहिली. मधली भिंत तेवढी चिखलाची होती! माशी नांगी मारून आळीला लुळी करते, ठार करीत नाही, म्हणजे पिलाला मांस ताजे मिळते, हे घर फोडल्याविना कळणार कसे?

आजीबाईंनी विचारला तोच प्रश्न चार्ल्स डार्विनने १८६० च्या मे महिन्यात केला होता. 'जीवजातींची उत्पत्ती' हा त्याचा ग्रंथ १८५९ मध्ये निघाला. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे हा श्रद्धाळू ख्रिस्ती आणि डार्विनच्या मताचा कैवारीही. त्याला लिहिलेल्या पत्रात डार्विन म्हणतो, की नास्तिकपणे लिहिण्याचा आपला हेतू नव्हता. परंतु जिवंत अळ्यांच्या शरीरात आपली पिले पोसणाऱ्या माश्या दयाळू व सर्वशक्तिमान ईश्वराने हेतुपुरस्सर निर्माण केल्या, असे मानण्यास आपले मन धजत नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत ग्रंथाच्या शेवटच्या वाक्यात त्याने 'निर्माता' हा शब्द नव्याने घातला. या दोन गोष्टी एकाच वर्षीच्या आहेत, हे त्याला सरसकट नास्तिक ठरविणाऱ्यांनी पाहावे.

आपल्याकडे उत्क्रांतिमताने युरोपासारखा गहजब झाला नाही. तिकडे आर्चबिशप अशर याने सृष्टीचा आरंभ इ. स. पूर्वी ४००४ मध्ये धरला होता. भूस्तरांनी ते गणित मोडले. आमचा कल्पच ४ अब्ज ३२ कोटी वर्षांचा! पैठणजवळच्या मुंगी गावी गोदेच्या प्राचीन गाळात वाइन या भूगर्भशास्त्रज्ञास अकीकाचे मानवनिर्मित छिलके सापडले व १८६८ मध्ये ओल्डहॅमने त्यावर लिहिले. याच मुंगीस परंपरा निंबार्काचार्यांचे जन्मस्थान मानते. पण त्या छिलक्याने कोणाची श्रद्धा ढळल्याचे आमच्या वाचनात नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनी मानणाऱ्यास वानराशी नाते सांगितल्याने काय लाज वाटावी? मात्र पृथ्वीचे वय आज सुमारे ४ अब्ज ५४ कोटी वर्षे ठरते आणि कल्पाचा आकडा त्याच्या जवळ येतो, एवढ्यावरून पुराणकारांस भूगर्भशास्त्र अवगत होते म्हणणाऱ्यांची आम्हांस कीव येते. तो केवळ योगायोग होय.

मराठीत या मेळाचा सर्वांत समर्थ प्रयत्न लोकमान्य टिळकांचा. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त त्यांनी डार्विन, हेकेल यांची मते सांख्यांच्या प्रकृतिविकासाशेजारी ठेवली. तेथेच त्यांनी एक शाब्दिक आक्षेप घेतला: संस्कृतात 'उत्क्रांति' म्हणजे मृत्यू, प्राणाचे निघून जाणे, यास्तव गुणोत्कर्ष किंवा गुणपरिणाम म्हणावे. मराठीने त्यांचे ऐकले नाही. आगरकर हयात असते तर त्यांनी निराळाच आक्षेप घेतला असता. पण मिल्ल-स्पेन्सर पचविलेला तो अज्ञेयवादी १८९५ मध्येच गेला, आणि जुन्या मित्रांचा हा वाद व्हायचा राहून गेला.

आमच्या मते सांख्याशी जमविलेला हा मेळ फार स्वस्तात पडतो. एक तर कपिलाचे सांख्य निरीश्वर. तेथे कर्त्याचा प्रश्नच उरत नाही. दुसरे, गुणांचा उत्कर्ष म्हटले की पायऱ्या चढत जाणारी सृष्टी डोळ्यांपुढे येते. डार्विनचे म्हणणे तसे नाही. पुष्कळ जन्मतात, थोडे तगतात, तगलेल्यांचे गुण पुढे जातात. उरलेल्यांच्या मरणावर सारा व्यवहार चालतो. या दृष्टीने पाहता टिळकांना खटकलेला शब्दच अधिक खरा ठरला.

मग कर्त्याचे काय? नैयायिक म्हणत, घट आहे म्हणून कुंभार असलाच पाहिजे. इंग्लंडात १८०२ मध्ये पेलीने घड्याळ व घड्याळजी घेऊन तेच म्हटले. नैसर्गिक निवडीने हे प्रमाण लुळे पडले. अवयवांची सुबक घडण आपोआप कशी होते हे दिसले. पण भागवताच्या त्याच अध्यायात, कुंभारणीच्या अगदी आधी, आणखी एक गुरू आहे: कोळी. तो स्वतःतूनच धागा काढतो व स्वतःतच गिळतो. असा ईश्वर मानणाऱ्यास डार्विनची अडचण नाही. जाळे कोणत्या नियमाने विणले जाते एवढेच शास्त्र सांगते. आमचे स्वतःचे समाधान येथवर होते. त्यापुढे होत नाही, कारण ईश्वर कुंभार नसून कोळी आहे असे म्हटल्याने जाळ्यात सापडलेल्याचे दुःख कमी होत नाही. कर्मविपाकाचे उत्तर माणसापुरते देता येईल. त्या आळीने कोणते कर्म केले होते?

निघताना आम्ही आजीबाईंस कोळ्याचा दृष्टांत सांगितला. त्यांनी तो पूर्वीच ऐकला होता. "ते खरं," त्या म्हणाल्या, "पण आळीला दुखतं का, ते सांगा." आम्ही नातवाकडे पाहिले. नक्की ठाऊक नाही, असे तो म्हणाला. खिडकीवरचे घर मात्र त्यांनी अजूनही कोणास पाडू दिलेले नाही.