व्हायोलिन मांडी घालून बसलं तेव्हा

सिनेमाच्या गाण्यांत आपण व्हायोलिन कितीदा ऐकतो. वाद्य मूळचं युरोपातलं. तिकडे ते उभ्यानं किंवा खुर्चीवर बसून, हनुवटीखाली धरून वाजवतात. दक्षिणेत मात्र ते जमिनीवर आलं, आणि त्यात एका मराठी दरबाराचाही वाटा आहे.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तमिळ मुलखात तंजावरला राज्य स्थापलं. त्याच गादीवर १७९८ ते १८३२ सरफोजीराजे होते. त्यांना पुस्तकांचा नाद, तसाच विलायती वाद्यांचाही. त्यांच्या पदरी चार कलावंत भाऊ होते. त्यांतला धाकटा वडिवेलु व्हायोलिनमध्ये तरबेज. पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ साली त्याला हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. त्याच्याही आधी बालुस्वामी दीक्षितर मद्रासला एका युरोपीय वादकाकडून हे वाद्य शिकले होते.

शिकले, पण गत आपलीच ठेवली. वादक मांडी घालून बसतो. वाद्याचं टोक उजव्या पावलावर टेकतं, दुसरी बाजू छातीशी. वाद्य पेलायचं ओझं डाव्या हातावर राहत नाही, म्हणून बोट तारेवरून सरसर घसरतं आणि गळ्यासारखी गमक निघते. तारासुद्धा सा-प-सा-प अशा लावतात. सुरुवातीचे स्वरांचे धडे पुरंदरदासांनी घालून दिले असं मानतात. हे पुरंदरदास कोण? प्रत्येक पदाखाली ‘पुरंदर विठ्ठल’ अशी मुद्रा घालणारे, म्हणजे आपल्याच विठोबाचे! धड्यांच्या रागाचं नाव मायामाळवगौळ असं लांबलचक, पण त्याचे सूर आपल्या भैरवाचेच.

तंजावरच्या दरबारात नाचणाऱ्या बायका होत्या. साथीची वाद्यं मात्र बहुतेक पुरुषांच्या हाती. म्हणून मला एन. राजम यांच्या वडिलांचं मोठं कौतुक वाटतं. १९३८ साली जन्मलेल्या या मुलीला नारायण अय्यर यांनी तिच्या भावाच्या बरोबरीनं कर्नाटक पद्धतीचं व्हायोलिन शिकवलं. घरात मुलगा शिकतोय, मग पोरीला कशाला, असं ते म्हणाले नाहीत. भाऊ टी. एन. कृष्णन नामवंत झाले, तशाच राजमही.

पुढे त्या ओंकारनाथ ठाकुरांकडे हिंदुस्थानी गायकी शिकल्या. ठाकुरांचे गुरू विष्णु दिगंबर पलुसकर, ज्यांनी उतारवयात आपल्या नाशिकला रामनाम आधार आश्रम काढला. गुरूच्या गळ्यातली हरकत राजमनी जशीच्या तशी तारेवर आणली. काशीच्या हिंदू विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलं. २००४ साली पद्मभूषण मिळालं.

त्यांची मुलगी संगीता शंकर व्हायोलिन वाजवते. नाती रागिणी आणि नंदिनी याही. आजी, लेक आणि नाती एकाच मंचावर बसल्या आहेत, आणि चौघींच्या पावलावर व्हायोलिनचं टोक टेकलेलं आहे.