रक्तसाक्षी

वसईकर ख्रिस्ती समाज संत गोन्सालो गार्सिया यांना मानाने ‘रक्तसाक्षी’ म्हणतो. या शब्दामागची कल्पना ग्रीक ‘मार्तिस’ या शब्दातून आली आहे. त्याचा साधा अर्थ साक्षीदार. न्यायासनापुढे उभा राहून, ठाऊक असलेलं खरं सांगणारा. रोमन अमलात ख्रिस्ताची साक्ष देणं जिवावर बेतू लागलं आणि दुसऱ्या शतकापर्यंत त्या ग्रीक शब्दाला मरणाचा अर्थ चिकटला. ‘हुतात्मा’ या शब्दात यज्ञातली आहुती आहे. ‘रक्तसाक्षी’त मात्र मूळची साक्ष शाबूत राहिली.

वसईत जन्मलेल्या गोन्सालोंना जपानी उत्तम येई. जपानमध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे ते दुभाषी होते. तिथला सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून सोबत्यांसह त्यांना पकडलं गेलं. डाव्या कानाचा तुकडा कापून, भर थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत नेलं. तिथं ५ फेब्रुवारी १५९७ रोजी पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर बांधून भाले भोसकले. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले.

धमक्यांनी फिरतो तो साक्षीदार कसला? आजही श्रद्धेपायी बहिष्कार सोसणारा, तरी जबानी न बदलणारा प्रत्येक जण याच शब्दाच्या कुळातला आहे.